फणसाच्या गणपतीला तडा का गेला

लाकूड कोरायला मला कुणी शिकवलं नाही. वादळात आमच्या परसातला फणस पडला, त्याचा एक ओंडका ठेवून घेतला आणि दोन पटाश्या व एक मोगरी घेऊन पावसाळाभर पडवीत बसून गणपती कोरला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि मूर्तीला डोक्यापासून बैठकीपर्यंत करंगळी जाईल एवढी चीर पडली. लाकूड कच्चं होतं, असं सगळे म्हणाले. ते खरंच होतं. पण कच्च्या लाकडाला एकच मोठी चीर का पडावी, आणि ती उभीच का, हे मला कळेना.

धुतलेला पंचा पिळला की पाणी गळायचं थांबतं, पण पंचा ओला राहतोच. लाकडाचंही तसंच. पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी निघून जातं. तोवर लाकूड फक्त हलकं होतं, आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी उरलं, की पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी सुटू लागतं आणि आकसणं सुरू होतं. या भिंतींमधले सेल्युलोजचे सूक्ष्म धागे जवळजवळ उभे, झाडाच्या उंचीच्या दिशेनं असतात. पाणी त्यांच्या मधून निघालं की धागे आडवे जवळ सरकतात. म्हणून लाकूड लांबीत जेमतेम आकसतं, रुंदीत मात्र बरंच.

आता खरी गंमत. वाढीच्या वलयांच्या कडेनं लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राकडून सालीकडे आकसतं. एक कारण म्हणजे केंद्राकडून सालीकडे जाणारे पेशींचे किरण. ते त्या दिशेला फारसं आकसू देत नाहीत. समजा, पूर्ण वाळल्यावर परीघ 8 टक्के आणि त्रिज्या 4 टक्के आकसू पाहते. पण त्रिज्या 4 टक्के घटली तर भूमितीप्रमाणे परीघही 4 टक्केच घटायला हवा. उरलेले 4 टक्के कुठून आणायचे? 20 सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा परीघ 63 सेंटिमीटर, म्हणजे तूट अडीच सेंटिमीटरची. लाकूड 12 टक्के ओलाव्यापर्यंतच वाळलं तरी दीड सेंटिमीटर. मधली भेंड, म्हणजे खोडाचा मऊ गाभा, ठेवून अख्खा गोल ओंडका कोरला, तर ही तूट चिरेच्या रूपानं उघडतेच. वर्षभर मुरवलं असतं तरी चीर कोरण्याआधी पडली असती, एवढाच फरक.

जपानी मूर्तिकारांना हे हेइआन काळातच (794 ते 1185) उमगलं होतं. ते लाकडी मूर्ती आतून पोखरून पोकळ करत. आतला भाग गेला की कवच मोकळेपणानं आकसू शकतं.

जातीजातीचं लाकूड वेगळं वागतं, पण मला सर्वांत चकित केलं ते एका आकड्यानं. पेशीच्या भिंतीचा मूळ पदार्थ जवळजवळ सगळ्या झाडांत सारख्याच घनतेचा असतो, पाण्याच्या दीडपट. साग जड आणि पांगारा हलका, हा फरक आतल्या हवेचा आहे. वाळलेल्या सागात निम्म्याहून अधिक जागा रिकामी असते, पांगाऱ्यात तर चार पंचमांश. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं पांगाऱ्याची करतात ती या मऊपणामुळे. मऊ लाकडाला हत्यार मात्र जास्त धारदार लागतं. बोथट पटाशीखाली पातळ भिंती कापल्या न जाता चेपतात आणि पृष्ठभाग लव आल्यासारखा खरबरीत होतो. सागाची तऱ्हा उलटी. त्यात वाळूतलाच सिलिका असतो, त्यामुळे दर थोड्या वेळानं पटाशी दगडावर घ्यावी लागते.

दुसरा गणपती शिवणीच्या लाकडाचा केला. शिवण कमी आकसते. ओंडका आधी उभा फाडला, मधल्या भेंडेचा भाग काढून टाकला आणि दोन्ही टोकांना मेण फासलं, कारण टोकाच्या उघड्या नळ्यांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगानं जातं आणि टोकं आधी फाटतात. मग दर रविवारी तुकडा तराजूवर ठेवायचा. वजन घटायचं थांबल्यावरच पटाशी लावली आणि पाठ आतून पोखरली.

मूर्ती पुरी झाली तेव्हा मे महिना होता आणि वजन भरलं 1 किलो 120 ग्रॅम. जुलैअखेर ते 1 किलो 160 झालं. हवेतला ओलावा लाकडानं पुन्हा घेतला होता. दिवाळीनंतर ते परत उतरलं, आणि चीर कुठेच नव्हती.