टाकीत ओतायची बाटली : पार्श्वभूमी

बडोद्यात कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, तरी पेट्रोलमध्ये आणखी काय घालावं हा वाद इथल्या गॅरेजांत संपलेला नाही. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या दिवसांत तो फारसा नव्हता. त्याचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबलं की काढायचं, हवा मारायची, पुन्हा बसवायचं.

पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ते आलं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबवायला. व्हॉल्व जिथे टेकतो ती सीट कमी झिजते हा वरचा फायदा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल झालं आणि जुनी फियाट, अ‍ॅम्बेसिडर जपणारे शिशाला पर्याय म्हणून विकली जाणारी बाटली शोधू लागले. त्याच सुमारास गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं मिरवू लागली, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. इंजेक्टरच्या बारीक भोकांवर थर साचला की फवारा बिघडतो. हवा मारून भागत नाही.

खरा घोळ ‘अ‍ॅडिटिव्ह’ या शब्दात आहे. इंजेक्टर धुणारं डिटर्जंट, ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची पेट्रोलची ताकद) वाढवणारं रसायन, पाणी शोषणारं अल्कोहोल आणि मायलेजचं नुसतं आश्वासन, सगळं याच नावानं विकलं जातं. पॉलिइथरअमाइन जातीचं डिटर्जंट थर खरोखर काढतं, तेव्हा सगळ्याच बाटल्यांना फसवणूक म्हणणं अन्याय होईल. पण ९१ ऑक्टेनसाठी बनलेल्या धडधाकट इंजिनाला ऑक्टेन बूस्टर पाजून काही मिळत नाही. त्यातच डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्ववरून वाहतच नाही. तिथली काजळी टाकीतल्या औषधानं कशी धुतली जाणार? दुकानदार हे सांगत नाही, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

ई२० आल्यापासून तर शब्दाची पुरती खिचडी झाली. २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मोजक्या पंपांवर होतं. २०२५ मध्ये ते सर्रास झालं, आणि जुन्या गाडीवाल्याला ई१० मागायची सोयही उरली नाही. माझ्या मते आधी ती सोय ठेवायला हवी होती. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. २०२१च्या सरकारी आराखड्यातच, निव्वळ पेट्रोलसाठी बनवून ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई२०वर ६–७ टक्के घटेल असा अंदाज होता. ही तूट चार झाकणं रसायनानं भरून निघत नाही. इथेनॉल न सोसणारे रबरी पाइप आणि सील बदलावेच लागतात.

पाण्याचंही तसंच. २०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदी फुगली, गाड्या बुडाल्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधनपंप ओढतो तळातूनच. अशा वेळी टाकी उतरवून रिकामी करायची. बाटलीवरचे पैसे पाण्यातच जातात.

थोडा विचार करण्याजोगी आहे ती सीएनजीची गाडी, जी बडोद्यात पावलोपावली दिसते. ती गॅसवर धावते, आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीतलं पाचेक लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून शिळं होतं, चिकटा धरतं. तिथे डिटर्जंटची बाटली अधूनमधून कामी येते. अर्थात आठवड्यातून एकदा शहरातल्या शहरात, रावपुऱ्यापासून अकोट्यापर्यंत, पेट्रोलवर चालवली आणि टाकीत ताजं भरत राहिलं, तर त्या बाटलीचीही गरज पडत नाही.