रेसिड्युअल शून्य आली? जरा थांबा

“कंट्रोलरवर एरर शून्य होती, तरी पलीकडच्या टोकाचे कॉलमचे खड्डे सरकले कसे?” पावसाळा संपून साइट सुरू झाल्या की हा फोन हमखास येतो. कंट्रोलर म्हणजे रोव्हरचा (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राचा) हातातला स्क्रीन; त्यावरची एरर म्हणजे रेसिड्युअल, जुळणीनंतर पॉइंटांत उरलेला फरक. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून आता छापूनच देतोय.

तुमचं जुनं ड्रॉइंग टोटल स्टेशनवरचं, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावरचं. गेटजवळचा पहिला पॉइंट साइटपुरता मानलेला: १०००, १०००, लेव्हल १००.०००. रोव्हर मात्र उपग्रहांवरून डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक पद्धतीत आकडे देतो. ते सपाट नकाशावर मांडायची पद्धत म्हणजे यूटीएम: पुण्याकडे झोन ४३, नागपूरला ४४. दोन्हींचा मेळ घालायचा तर दोन्हींत माहीत असलेले पॉइंट लागतात. हेच कॅलिब्रेशन.

चूक इथे होते. गेटजवळ जुन्या पॉइंटांचे दोन खिळे सापडतात, रोव्हर लावला जातो, ०.००० दिसतं आणि आखणीची फक्की पडायला लागते. पण आडव्या जुळणीत चार गोष्टी काढायच्या असतात: पूर्वेला किती सरकवायचं, उत्तरेला किती, किती फिरवायचं आणि स्केल (किती पट ताणायचं). दोन पॉइंटांचे आकडेही चारच. सगळे त्यातच खर्ची पडतात, तपासायला काही उरत नाही. खिळा जेसीबीने हलवलेला असला तरी शून्यच येणार! खिळ्यांमध्ये ६० मीटर अंतर आणि एक खिळा जेमतेम १ सेंटिमीटर बाजूला सरकलेला, तर ९०० मीटरवर १५ सेंटिमीटरचा फरक. खड्डे असेच सरकतात.

म्हणून आम्ही साइटला चहूबाजूंनी वेढणारे पाच पॉइंट घेतो. चार जुळणीला, पाचवा फक्त पडताळायला. अर्धा दिवस जातो, तो बिलात दिसतो आणि त्यावर कुरकुर होते, ठाऊक आहे. पण पाचवा पॉइंट बसल्याशिवाय आम्ही रिपोर्टवर सही करत नाही. भरलेला कॉलम फोडण्यापेक्षा अर्धा दिवस स्वस्त.

स्केलवरही नजर ठेवा. पुणे परिसरात जमिनीवरचा १ किलोमीटर यूटीएममध्ये साधारण ३० सेंटिमीटरने कमी भरतो, म्हणून यूटीएमवरून जुळवताना १.०००३ च्या आसपासचा आकडा ठीक. १.००२ दिसला तर बहुधा पॉइंट नंबरची अदलाबदल झालीय किंवा खिळाच दुसरा आहे.

उंचीबद्दल थोडक्यात: रोव्हरची कच्ची उंची आपल्याकडे समुद्रसपाटीवरून मोजलेल्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी दिसते. मशीन बिघडलेलं नाही, मोजणीचा पाया वेगळा आहे. गटाराच्या उतारासाठी मात्र आम्ही ऑटो लेव्हलच (दुर्बिणीतून उंची मोजणारं यंत्र) फिरवतो.

आणि कृपा करून रोज सकाळी नवं कॅलिब्रेशन करू नका. एकदा तपासलेली फाइल शेवटपर्यंत तीच. आमच्याकडे ती जपून ठेवलेली असते. रोव्हर बदलला, सर्व्हेअर बदलला तरी मागा, त्याच दिवशी मिळेल, वेगळे पैसे नाहीत.

आम्हाला बोलावण्याआधी जुन्या पॉइंटांची यादी शोधून ठेवा, आणि खिळ्यांवर खडीचा ढीग असेल तर तेवढा हलवून घ्या.