वाचक आपले, पैसा दुसऱ्याचा: आफ्रिकी भाषांतल्या वृत्तपत्रांची पार्श्वभूमी

हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने १८५९ साली आजच्या नायजेरियातल्या अबेओकुटाहून ‘इवे इरोहिन’ हे योरुबा पाक्षिक काढलं. अंकाची किंमत १२० कवड्या. छापखाना मिशनचा, त्यामुळे अंकाच्या किमतीत छपाईखर्च निघतो का, यावर पत्राचं जगणं अवलंबून नव्हतं. १८६७मध्ये गोऱ्यांना शहरातून हाकललं आणि पत्र बंद पडलं.

दक्षिण आफ्रिकेत पैसा राजकारणातून आला. केप वसाहतीत मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या काळ्या पुरुषांना मत होतं, म्हणून तिथल्या खोसा भाषेतल्या वाचकाला गोऱ्या उमेदवारांच्या लेखी किंमत होती. जॉन टेंगो जबावूंचं ‘इम्वो झाबान्त्सुन्दू’ १८८४ साली गोऱ्या उदारमतवाद्यांच्या मदतीने उभं राहिलं. १८९७मध्ये त्याला टक्कर द्यायला ‘इझ्वी लाबान्तू’ निघालं, त्यामागे हिऱ्यांच्या खाणींचा मालक आणि केपचा माजी पंतप्रधान सेसिल ऱ्होड्सचा पैसा. ऱ्होड्स १९०२ साली वारला; पत्र १९०९पर्यंतच तगलं. जॉन दुबेंचं झुलू ‘इलांगा’ (१९०३) सुरुवातीला डरबनच्या ज्या छापखान्यात छापलं जाई, तिथूनच त्याच वर्षी गांधीजींशी जोडलेलं ‘इंडियन ओपिनियन’ही निघू लागलं. १९३२ साली निघालेल्या ‘बांटू प्रेस’ या कंपनीने मात्र काळ्या गिऱ्हाइकापर्यंत जाहिरात पोचवण्याचाच धंदा मांडला आणि जुनी पत्रं एकेक करून पदरात पाडून घेतली. तिकडे नायजेरियात हौसा भाषेतलं ‘गास्किया ता फी क्वाबो’ (१९३९) सरकारी पैशावर चाललं. नावाचा अर्थ ‘पेनीपेक्षा सत्य मोलाचं’. पेनी कोण देतं हे नाव सांगत नाही.

गणित आजही तेच. अंकाची किंमत वाचकाच्या खिशाला बघून ठरते. तीतून विक्रेत्याचं कमिशन, वाहतूक आणि परतीचे अंक वजा केले की उरलेल्यात कागदही निघत नाही. कागद बऱ्याच ठिकाणी आयातीचा, म्हणजे चलन घसरलं की तोही महागला. जाहिरातदार डोकी मोजत नाही, पाकिटं मोजतो.

मजकूर उभा करण्याचा खर्चही वेगळा. झुलूत अख्खं वाक्य एका शब्दात मावतं: ‘न्गियाकुथांडा’ म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. असे शब्द अरुंद स्तंभात वाकडेतिकडे तुटतात, नाहीतर ओळीत भगदाडं पडतात. योरुबात आवाजाचा चढ-उतार दाखवणारी खूण गळली की ‘ओको’ नवरा, कुदळ की वाहन, हे संदर्भावरूनच ओळखायचं. त्यासाठी मुद्रितशोधक हवा, आणि काटकसरीत पहिली कात्री त्याच्याच पगाराला.

युगांडाचं लुगांडा ‘बुकेड्डे’ (१९९४) आणि डरबनचं झुलू ‘इसोलेझ्वे’ (२००२) ही दोन्ही दैनिकं इंग्रजी दैनिकं चालवणाऱ्या समूहांची आहेत. छापखाना, गाड्या आणि जाहिरात विभाग समूहाचाच असल्याने ते नव्याने उभारावे लागले नाहीत. ‘बुकेड्डे’ तर खपात आपल्या इंग्रजी भावंडाच्याही पुढे गेलं.