टिक 93 वरचा ठोका

एमपीसी या ठेका रचायच्या यंत्राच्या पॅडवर, म्हणजे दाबायच्या चौकोनी बटणावर, बोट पडतं तेव्हा यंत्र आवाज नोंदवत नाही. ड्रमचा आवाज त्याच्या मेमरीत आधीच असतो. नोंदवले जातात ते आकडे: कोणता पॅड, किती जोरात, किती लांब आणि कधी. खरी करामत असते ती या 'कधी'त.

अकाई कंपनीचं एमपीसी60 हे यंत्र 1988 साली बाजारात आलं. ते घडवलं अमेरिकी अभियंता रॉजर लिन यांनी. त्यात एका मात्रेचे 96 भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला टिक म्हणतात. मिनिटाला 90 मात्रांची लय धरली, तर मात्रा 667 मिलिसेकंदांची आणि टिक जेमतेम 7 मिलिसेकंदांची. त्याहून बारीक फरक यंत्राला दिसतच नाही.

नोंदी पडद्यावर 002.01.00 अशा दिसतात: दुसरा बार (म्हणजे मात्रांचा दुसरा गट), पहिली मात्रा, शून्य टिक. समजा, दुसऱ्या मात्रेवरचा स्नेअर, म्हणजे ड्रमसंचातला कडक आवाजाचा ड्रम, तुम्ही 3 टिक आधीच वाजवलात. मग तो दुसऱ्या मात्रेच्या नावावर लागत नाही. 002.01.93 असा पहिल्या मात्रेच्या शेपटाला चिकटलेला सापडतो. नवखे लोक 02 च्या खाली शोधत बसतात आणि नोंद उडाली असं समजून पुन्हा वाजवतात. मग स्नेअर दोनदा वाजतो.

यावरचा सोपा इलाज क्वांटाइझ. मात्रेचे चार भाग ठरवले की दर 24 टिकांवर एक घर तयार होतं आणि प्रत्येक ठोका जवळच्या घरात ढकलला जातो. 93 वाला स्नेअर बिनबोभाट पुढच्या मात्रेच्या 00 वर जातो. मात्र 12 टिकांहून जास्त चुकलात तर यंत्र ठोका भलत्याच घरात नेऊन बसवतं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. शिवाय ड्रमवादक मुद्दाम जोडून दोन ठोके मारतो, पहिला हलका आणि लगेच दुसरा भारी. ते दोन्ही एकाच टिकवर चेपले जातात आणि त्यातली गंमतच जाते. सगळ्या ट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या नोंदींवर, सरसकट क्वांटाइझ फिरवणं मला तरी आळशीपणाचं वाटतं.

लिन यांनी 1980 च्या एलएम-1 या ड्रम मशीनमध्येच क्वांटाइझच्या जोडीला स्विंग दिला होता. यात जोडीतला दुसरा ठोका ठरवून उशिरा येतो. जोडीच्या एकूण वेळाच्या किती टक्क्यांवर दुसरा ठोका पडतो, ते आकड्यात सांगायचं. 50 टक्के म्हणजे सरळ चाल. 66 टक्क्यांच्या आसपास दोन ठोक्यांच्या वाट्याला येणाऱ्या वेळाचं प्रमाण दोनास एक होतं. एमपीसीवर 54 टक्के ठेवले की दुसरा ठोका 24 ऐवजी 26 व्या टिकवर पडतो. आपल्या 90 च्या लयीत हा उशीर फक्त 14 मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात आवाज हवेतून पाच मीटरही जात नाही, तरी ठेका डुलायला लागतो.

डेट्रॉइटचा संगीत निर्माता जे डिला याने हीच गोष्ट टोकाला नेली. एकाच ठेक्यात काही आवाज सरळ, काही स्विंगमध्ये, तर काही टिकांनी पुढेमागे सरकवलेले. त्याचं एमपीसी3000 आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मग यंत्रालाच प्रत्येक ठोका थोडा इकडेतिकडे करायला सांगितलं तर? बऱ्याच सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे एमपीसीसारख्या ठोक्यांच्या नोंदी ठेवून वाजवणाऱ्या साधनांमध्ये, अशी सोय असते, पण तिचा परिणाम बहुधा फसतो. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांनी 2011 साली याचं एक कारण दाखवलं. वादकाची चूक साधारण 10 ते 20 मिलिसेकंदांची असते, पण ती स्वैर नसते. आत्ताचा ठोका किती सरकला याचा धागा बऱ्याच आधीच्या ठोक्यांपर्यंत पोहोचतो. श्रोत्यांना दोन्ही प्रकार ऐकवले तेव्हा पसंती मिळाली ती असा धागा असलेल्या चुकांना.

म्हणून हाताने दुरुस्त करताना एकेक ठोका सुटा हलवण्यापेक्षा हायहॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांजांची जोडी, घरातच ठेवावा आणि स्नेअरचा अख्खा ट्रॅक एक-दोन टिक मागे सरकवावा. ऐकून पाहावं. तिसऱ्या टिकला बहुतेक वेळा तो आळसावल्यासारखा वाटू लागतो.