एकाच क्रोमियमचे दोन रंग

ऑक्टोबर २०२५मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून जे राजघराण्याचे दागिने चोरीला गेले, त्यांत पाचूंचा एक हार आणि कानातल्यांची जोडी होती. नेपोलियनने १८१० साली मारी-लुईझशी लग्न केलं, तेव्हा तिला दिलेल्या संचातले हे दागिने. त्याच संचातला टियारा, म्हणजे डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात सुखरूप आहे. पण त्यात आज एकही पाचू नाही.

पॅरिसच्या नितो या जवाहिऱ्यांनी तो सोन्या-चांदीत घडवला होता: १००६ हिरे, ७९ पाचू. पुढे तो मारी-लुईझच्या माहेरच्या हॅब्सबर्ग घराण्यात राहिला. १९५३ साली व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीने तो त्यांच्याकडून घेतला, पाचू काढून सुटे विकले आणि रिकाम्या कोंदणांत इराणी पिरोजे बसवले. कायद्याने यात गैर काही नव्हतं, तरी मला हे अजिबात पटत नाही. लूव्रच्या हाराचंही असंच होईल, ही धास्ती वाटते. १९७१मध्ये मार्जरी मेरीवेदर पोस्ट या धनाढ्य अमेरिकन बाईंमुळे हा टियारा स्मिथसोनियनला मिळाला.

हिरव्याच्या जागी निळा आला, तो कुठून?

पाचू म्हणजे बेरिल हे खनिज. शुद्ध बेरिल बिनरंगी असतं. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या थोड्या जागा क्रोमियमने (कधी व्हॅनेडियमने) बळकावल्या की ते हिरवं होतं. आता गंमत बघा, माणकाचा लाल रंगही क्रोमियममुळेच! दोन्हीकडे क्रोमियमभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. त्यांच्या ऋणभारामुळे क्रोमियमच्या बाहेरच्या, म्हणजे डी-कक्षिका नावाच्या कप्प्यांतल्या, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या दुभंगतात. या दोन पातळ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश स्फटिक शोषून घेतो. माणकात ऑक्सिजनचा प्रभाव जास्त, म्हणून अंतर सुमारे २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), जांभळ्याबरोबर पिवळा-हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल पार होतो. पाचूत हेच अंतर सुमारे २.०५. एवढ्याशा फरकाने शोषणाचा पट्टा नारिंगी-लालकडे सरकतो आणि हिरव्याला वाट मोकळी होते. क्रोमियम तेच, शेजार तेवढा बदलला. मला तरी रत्नशास्त्रात याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

पिरोज्यातला तांब्याचा अणू असा उपरा नसतो, तो खनिजाच्या सूत्रातच असतो. निळा रंग त्याचा. लोह मिसळलं की हिरवट झाक येते. शिवाय हा दगड सच्छिद्र असल्याने घाम, तेल, अत्तर शोषून त्याचा रंग बदलतो. 'पिरोजा रंग बदलून संकटाची सूचना देतो' ही जुनी समजूत यातूनच आली असावी. बुधासाठी पाचू घालायला सांगतात, त्यालाही काही आधार नाही. त्यापायी कुणी कर्ज काढू नये. हौसेने घेतलात तर एवढं सांभाळा: पाचूच्या बारीक भेगा बहुतेक वेळा तेलाने भरलेल्या असतात, म्हणून तो गरम पाण्यात किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात धुऊ नका.