नजरेच्या तपासणीतील ६/६ या नोंदीची पार्श्वभूमी
छापील मजकूर वाचायला लावून नजर जोखण्याचे प्रयत्न १८४३ मध्ये जर्मनीत आणि १८५४ मध्ये व्हिएन्नात झाले होते. मात्र अक्षरांचा आकार त्या त्या छापखान्यातील खिळ्यांवर अवलंबून असल्याने एका शहरातली नोंद दुसऱ्या शहरात जुळत नसे. १८६२ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या एका नेत्रतज्ज्ञाने अक्षर पाच बाय पाच चौकटींत बसवले आणि त्याच्या रेषेची जाडी ठरलेल्या अंतरावरून एक कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग), तर पूर्ण उंची पाच मिनिटे भरेल अशी आखणी केली. सहा मीटरवरून वाचायचे ६/६ च्या ओळीतले अक्षर त्यामुळे जेमतेम ८.७ मिलिमीटर उंच असते आणि ६/६० चे त्याच्या दहापट.

यातील वरचा आकडा रुग्णाचे तक्त्यापासूनचे अंतर सांगतो आणि खालचा आकडा ते अक्षर पाच मिनिटांचा कोन करते ते अंतर. हे गुणपत्रक नव्हे. निरोगी तरुण डोळे ६/५, कधी ६/४ सुद्धा वाचतात. म्हणजे ६/६ ही केवळ संदर्भाची रेषा आहे. १८७५ मध्ये फ्रान्समधून हाच अपूर्णांक दशांशात लिहिण्याची सूचना आली, ६/१२ चे ०.५ झाले आणि ‘अर्धी नजर’ म्हणण्याची वाट मोकळी झाली. आकडेमोड सोपी करणाऱ्या या सुधारणेने अर्थाचे नुकसानच अधिक केले, असे म्हणावे लागते, कारण याच ‘अर्ध्या’ नजरेवर अनेक देशांत खासगी वाहन चालवण्याची परवानगी मिळते. चष्म्याच्या नंबराशी होणारी गल्लत तर वेगळीच: उणे तीन नंबर असलेला माणूस चष्मा लावून ६/६ वाचू शकतो.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी फट असलेले कडे १८८८ मध्ये आले; फट कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगायचे. ओळीओळीतली अक्षरांची संख्या आणि आकारातला फरक सारखा नसण्याची विषमता मात्र तशीच राहिली. १९७६ मध्ये मेलबर्न येथे प्रत्येक ओळीत पाच अक्षरे आणि दर ओळीला सुमारे १.२६ पट आकार अशी मांडणी झाली. १९८२ पासून चार मीटरवरून वाचायची तिची आवृत्ती संशोधनात रुळली. दवाखान्यात पुष्कळदा जुनाच तक्ता लटकतो. त्याच्या माथ्यावर ६/६० चे एकच अक्षर, त्याखाली एकदम ६/३६ ची ओळ. आणि ते एक अक्षरही दिसले नाही, तर रुग्णाला तक्त्याजवळ आणावे लागते किंवा बोटे मोजायला सांगावे लागते.