खत फेकणं सोपं, सारखं पाडणं अवघड

वैशाखात उकिरडा उपसायचा, गाड्या भरून शेतात न्यायच्या, ठरावीक अंतरावर ढीग घालायचे आणि मग पाटी-फावड्यानं ते विस्कटायचे. खरिपाची ज्वारी गुडघ्याएवढी झाली, की ढीग कुठे कुठे होते ते बांधावर उभं राहूनही सांगता येतं. तेवढ्या गोलातली ताटं काळपट हिरवी आणि माजलेली असतात, मधली फिकी. खत सगळं शेतात गेलेलं असतं, पण शेतभर गेलेलं नसतं.

हिशेब मांडला तर चूक का होते ते कळतं. हेक्टरी १० टन खत म्हणजे एका चौरस मीटरला फक्त १ किलो. शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का, म्हणजे त्या किलोभरात ५ ग्रॅम. ढेकळं, काडीकचरा, ओला गोळा असा सगळा ऐवज हातानं फेकून दर चौरस मीटरला किलोभरच पडेल असं पाहायचं, हे काम दिवसभर वाकलेल्या माणसाकडून होणं कठीण. धनगराच्या मेंढ्या शेतात बसवणं हा त्यावरचा आपल्याकडचा जुना, हुशार तोडगा. वाडा रोज सरकवायचा. लेंड्या आणि मूत दोन्ही जागेवर, उचल-टाक काहीच नाही.

यंत्राच्या वाटेनं हा प्रश्न सोडवायला सुरुवात झाली ती उत्तर अमेरिकेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या मेगॉग गावच्या जोसेफ केम्प यांनी १८७० च्या दशकात जी गाडी बनवली, तिचा सांगाडा आजच्या यंत्रातही ओळखू येतो. पेटीच्या तळाला आडव्या पट्ट्यांची सरकती फळी. ती खत हळूहळू मागे ढकलते. मागच्या तोंडाशी दातेरी रूळ गरगर फिरतो आणि गोळे फोडून खत मागे उडवतो. दोन्हींना ताकद मिळते गाडीच्याच चाकाकडून, दातेचक्र आणि साखळीतून. घोडे चालले की यंत्र चालतं.

अडचण एकच होती. खत गाडीच्या रुंदीएवढ्याच पट्ट्यात पडायचं. तेव्हा शेतकऱ्याला पुन्हा लांब दांड्याचा, दातेरी काटा घेऊन ते दोन्ही बाजूंना ओढावं लागे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मारिया स्टाइन इथे जोसेफ ओपेनहाइम नावाचे शाळामास्तर होते. वर्गातली मोठी मुलं दांडी मारत, कारण घरी खत पसरायला बाप त्यांना ठेवून घेई. गोष्ट अशी सांगतात, की पोरांच्या चेंडूफळीच्या खेळात तिरक्या धरलेल्या फळीवरून चेंडू बाजूला उडताना मास्तरांनी पाहिला आणि युक्ती सुचली. रुळाच्या मागे आणखी एक फिरता दांडा बसवायचा आणि त्यावर तिरकी पाती लावायची. १८९९ मध्ये त्यांनी तसं यंत्र केलं. आता खत गाडीच्या बाहेर, दोन्ही अंगांना उडू लागलं. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण तिरक्या पात्याचं भौतिकशास्त्र खरं आहे: आघाताची दिशा वळवली की फेक रुंदावते. त्यांनी काढलेल्या कंपनीचं नाव होतं ‘न्यू आयडिया’.

पुढच्या सुधारणा कमरेच्या दुखण्यातून आल्या. गाडी काट्यानं भरायची, म्हणजे प्रत्येक काटा पेटीच्या काठापर्यंत उचलायचा. जॉन डिअर कंपनीनं १९१० नंतर रूळ थेट मागच्या आसावरच बसवला. साखळ्या कमी झाल्या आणि पेटीही खाली आली. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत माणुसकीची सुधारणा.

चाकावर चालणाऱ्या या यंत्रात एक गुण आपोआप आलेला होता. चाकाच्या एका फेऱ्यात जमीन जेवढी मागे जाते, तेवढ्यात तळाची फळीही ठरलेलं अंतरच सरकते. घोडे रमतगमत चालले काय किंवा भराभर, चौरस मीटरला पडणारं खत तेवढंच. खोड एवढीच, की चिखलात चाक घसरलं की सगळं बंद.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा फिरता दांडा, आल्यावर ती खोड गेली, पण तो गुणही गेला. मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारा दांडा चाकाच्या वेगाची पर्वा करत नाही. चालकानं गिअर बदलून वेग निम्मा केला की खत दुप्पट पडतं. ट्रॅक्टर थांबला आणि दांडा फिरत राहिला, तर यंत्र एकाच जागी ढीग घालतं. म्हणजे आपण पुन्हा वैशाखातल्या त्या ढिगांपाशी!

ताकद वाढल्यामुळे यंत्राचे आकार मात्र खतागणिक बदलू लागले. काडीकचरा जास्त असेल तर उभे, स्क्रूसारखे रूळ. कोरड्या कोंबडखताला खाली फिरत्या थाळ्या, त्या त्याला कितीतरी रुंद फेकतात. पातळ शेणकाल्याची तऱ्हा निराळी. तो हवेत उडवला की अमोनिया निसटतो आणि नत्र वाऱ्यावर जातं. म्हणून युरोपात टाकीमागे नळ्या लोंबवून काला जमिनीलगत सोडतात किंवा चिरीत भरतात. आपल्या चांगल्या कुजलेल्या खतात अमोनिया कमी असतो, तरी टाकल्याबरोबर वखराची पाळी घालण्यात शहाणपण आहेच.

फेक रुंदावल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मधे खत जास्त पडतं, कडेला कमी. म्हणून एक फेरी दुसरीवर थोडी चढवावी लागते. आजच्या महागड्या यंत्रांत पेटीखाली वजनकाटे असतात, उपग्रहावरून वेग मोजला जातो आणि त्यानुसार तळाची फळी हळू किंवा जोरात सरकते. घोड्यांच्या गाडीत साखळी फुकट करत होती ते काम आता संगणक करतो.

आपल्याकडे ट्रॉलीमागे रूळ लावलेलं भाड्याचं यंत्र आणलंत, तर १ मीटर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद शेतात अंथरा. ट्रॅक्टरची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी जातील असा मधोमध ठेवा आणि यंत्र त्यावरून जाऊ द्या. मग कागदावरचं खत साध्या काट्यावर तोला. १ किलो आलं तर हेक्टरी १० टन, ३ किलो आलं तर ३० टन. मग कागद दोन मीटर बाजूला सरकवून पुढच्या फेरीला पुन्हा तोला.